धाकानं कुत्रं शांत होत नाही

‘दोन रट्टे द्या, घरात मोठं कोण ते कळू दे त्याला.’ अनोळखी माणसावर धावून जाणाऱ्या कुत्र्याचा विषय निघाला की हा सल्ला हमखास येतो. कुणी त्याला उताणं पाडून दाबून धरायला सांगतं, कुणी काटेरी पट्टा सुचवतं. सगळ्यांच्या मुळाशी समज एकच: कुत्रं म्हणजे लांडगा, आणि त्याला घराचा म्होरक्या व्हायचंय.

हे खूळ आलं कुठून? १९४७ साली रुडोल्फ शेंकेल यांनी कोंडून ठेवलेल्या लांडग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या ‘द वुल्फ’ या पुस्तकामुळे म्होरक्याची कल्पना सर्वदूर पोचली. पुढे मेक यांनीच रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९ मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं. तिथे म्होरकेपणासाठी मारामाऱ्या चालत नाहीत. ज्यानं कल्पना पसरवली त्यानंच ती मागे घेतली, तरी आपल्याकडे लोक अजून कुत्र्यांना बडवताहेत!

आणि त्याचं फळ काय? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या मेगन हेरॉन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये १४० मालकांची पाहणी प्रसिद्ध केली. ज्यांनी कुत्र्याला मारलं किंवा लाथ घातली, त्यांतल्या ४३ टक्क्यांना कुत्र्याकडून आक्रमक प्रतिक्रिया मिळाली. उताणं दाबून धरणाऱ्यांत हे प्रमाण ३१ टक्के होतं.

परक्यावर भुंकणारं कुत्रं बहुतेक वेळा घाबरलेलं असतं. जिन्यात पावलं वाजतात, त्याचे कान उभे राहतात, मानेवरचे केस ताठ होतात. बेल वाजते, ते दारावर झेपावतं. कुरियरवाला पाकीट देऊन जिना उतरतो. कुत्र्याच्या लेखी हिशेब सरळ आहे: भुंकलो म्हणून तो गेला. हे रोज घडतं. त्यात मालकानं फटका हाणला तर परका माणूस आला की मार बसतो, हे वर पक्कं होतं.

गुरगुरण्यावरून मारणं तर सगळ्यात घातक. गुरगुरणं ही सूचना आहे. ती मारून बंद पाडली की भीती तशीच राहते आणि कुत्रं एक दिवस न गुरगुरता चावतं. मग लोक म्हणतात, ‘अचानक चावलं.’

मग करायचं काय? आधी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. दुखरा कान किंवा सांधासुद्धा कुत्र्याला चिडकं करतो. पाहुणे यायच्या आधीच त्याला आतल्या खोलीत ठेवा. बाहेर साखळी हातात हवी आणि तोंडाला जाळीचं मुसकं. मुसकं म्हणजे क्रूरपणा, हाही एक गैरसमज. जाळी सैल असेल तर कुत्रं त्यातून धापतं, पाणी पितं, खाऊही घेतं. तोंड आवळणारा कापडी पट्टा मात्र फिरायला नेताना नको, कारण कुत्र्याचं अंग थंड होतं ते मुख्यतः धापण्यानं.

शिकवणी अंतरापासून सुरू होते. परका माणूस दिसतोय, पण कुत्रं अजून खाऊ घेतंय, इतक्या लांब उभे राहा. माणूस दिसला की उकडलेल्या चिकनचा तुकडा, दिसेनासा झाला की बंद. क्रम उलटा करू नका. आधी माणूस, मग चिकन. अंतर अगदी हळूहळू कमी करायचं. याला कित्येक महिने लागतात. ‘आठ दिवसांत सरळ करतो’ म्हणणाऱ्याच्या हाती कुत्रं देऊ नका.

गैरसमज आणखीही आहेत. कच्चं मटण खाऊन कुत्रं हिंसक होत नाही. शेपूट हलवणारं कुत्रं चावणार नाही, असंही नाही. ताठ अंगानं, उंच धरून हलवलेली शेपूट तणावाची असते. नसबंदीनं भटकणं कमी होतं, परक्यांची भीती जात नाही. बांधून ठेवल्यानं राखणदारी सुधारते म्हणणाऱ्यांसाठी: डेन्व्हरमधल्या १९९४ च्या अभ्यासात चावणाऱ्या कुत्र्यांमध्ये अंगणात साखळीला बांधलेल्यांचं प्रमाण जास्त आढळलं होतं.

आणि चावलंच, तर जखमेवर तिखट, चुना, हळद काही लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा, कुत्रं घरचं आणि लस दिलेलं असलं तरी. पोटातली ती चौदा इंजेक्शनं कधीच इतिहासजमा झाली. आता रेबीजची लस दंडात देतात.