जुन्या ट्रकची चाके, घरच्या घरी
टायरच्या नक्षीवरून तळहात आडवा फिरवताना एका दिशेने मऊ आणि उलट दिशेने करवतीसारखी धार लागली, की टो-इनची तपासणी निकडीची झाली, असे खुशाल समजावे. माझ्या जुन्या टाटा ४०७ सारख्या, पुढे अखंड पोलादी आस असलेल्या वाहनात कॅम्बर आसातच घडवलेला असल्याने दुरुस्तीचा अखत्यार एकट्या टाय रॉडकडे उरतो. किंगपिन ढिले असतील, तर तोही व्यर्थ. दोन्ही टायरांच्या मध्यावर, पुढून, हबच्या उंचीला खडूच्या खुणा करून, टेपचे दुसरे टोक पुतण्याच्या हाती देऊन अंतर मोजावे आणि गाडी सरळ ढकलून त्याच खुणा मागे त्याच उंचीवर आल्यावर पुन्हा मोजावे, म्हणजे वाकड्या रिमचा दोष हिशेबात शिरत नाही. मागचे माप मॅन्युअलमध्ये दिलेल्या मिलिमीटरांनी अधिक भरले पाहिजे. कमी पडल्यास क्लॅम्प सैल करून आसामागचा रॉड लांबवावा.