फौजीच्या घरातली पत्र्याची पेटी

मैत्रिणींनो, १४ फेब्रुवारी २०१९ चा गुरुवार आठवतो का? दुपारी तीन-सव्वातीनच्या सुमारास काश्मीरमध्ये, पुलवामा जिल्ह्यातल्या लेथपोऱ्याजवळ, स्फोटकं भरलेली गाडी सीआरपीएफच्या बसवर आदळली. ७८ गाड्यांचा ताफा होता, अडीच हजारांवर जवान होते. ४० जण गेले. त्यातले दोघे आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले. (सीआरपीएफ म्हणजे केंद्राचं राखीव पोलीस दल. आपली सीआरपी ताई नव्हे. बैठकीत एकीने खरंच विचारलं होतं, म्हणून लिहिते.)

देशाला बातमी एकदमच कळते. पण बसमध्ये कोण होतं, हे टीव्हीला ठाऊक नसतं. ज्या घरातला माणूस तिकडे असतो, त्या घरात संध्याकाळभर फोन लावणं चालतं. रेंज नसली तरी फोन लागत नाही, आणि नको ते झालं तरी लागत नाही. अशा वेळी गटातल्या बाईने तिथे जाऊन एवढंच करावं: टीव्ही बंद करावा, पोरांच्या हातातला मोबाइल घ्यावा, चुलीवर चहा ठेवावा. अधिकृत निरोप त्याच्या तुकडीकडून किंवा पोलीस ठाण्यामार्फत येतो, व्हॉट्सअ‍ॅपवरून नाही. पुलवामानंतर जवानांच्या देहांचे म्हणून खोटे फोटो फिरले होते. ते पुढे पाठवू नका, असं खुद्द सीआरपीएफला लोकांना सांगावं लागलं.

त्यानंतरचे दहा-पंधरा दिवस गर्दीचे. पुढारी येतात, कॅमेरे येतात, मदत जाहीर होते. बुलढाण्याच्या दोन्ही कुटुंबांना तेव्हा राज्य सरकारने प्रत्येकी ५० लाख जाहीर केले होते. ते चांगलंच. पण तेराव्यानंतर मांडव निघतो, आणि घरात उरते त्याची पत्र्याची पेटी. त्या पेटीत काय आहे, यावर त्या बाईचं पुढचं आयुष्य बरंचसं ठरतं. बहुतेक घरांत ती पेटी बायकोने कधी उघडलेली नसते. हे मला फार खटकतं.

पहिली गोष्ट, तो नक्की कशात आहे? लष्कर संरक्षण मंत्रालयाकडे, सीआरपीएफ गृह मंत्रालयाकडे. गावात दोघांनाही ‘मिलिटरीत आहे’ म्हणतात, पण कागद वेगवेगळ्या दारी जातात. लष्करातल्या जवानाची नोंद त्याच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसात असते, आणि आपल्याला मदत करायला जिल्ह्याचं सैनिक कल्याण कार्यालय असतं. सीआरपीएफचं काम ग्रुप सेंटरमधून चालतं. महाराष्ट्रात तळेगावला आणि नागपूरजवळ हिंगण्याला अशी सेंटर आहेत. चुकीच्या कचेरीत गेलात तर नुसत्या चकरा होतात.

दुसरी, लग्नाची नोंद. गावात हजार माणसं जेवली म्हणजे लष्कराला कळलं असं नाही. लग्न आणि प्रत्येक मुलाचा जन्म युनिटमध्ये कळवून त्याचा ‘पार्ट टू ऑर्डर’ निघावा लागतो. तो नसेल, किंवा त्यात नाव सासरचं आणि आधारवर माहेरचं असेल, तर पेन्शन त्या एका अक्षरापायी महिनोन्‌महिने अडकते.

तिसरी, वारसदार, म्हणजे नॉमिनी. पोरगा अठरा-वीसचा असताना भरती होतो, तेव्हा विम्याच्या, फंडाच्या कागदावर आईचं नाव लावतो. लग्नानंतर ते बदलायचं राहून जातं. मग सासू-सुनेत वितुष्ट येतं, आणि खरं तर चूक दोघींचीही नसते. आईला वाटा द्यायचा असेल तर जरूर द्यावा. पण तो त्याने जिवंतपणी, दोघींना सांगून लिहावा.

पगार कोणत्या खात्यात येतो तेही विचारा. फौजींच्या पगार खात्याला बँकेचा विमा जोडलेला असतो. पुलवामात गेलेल्यांपैकी २३ जवानांवर स्टेट बँकेचं कर्ज होतं. बँकेने ते माफ केलं, आणि पगार खात्यावरचा ३० लाखांचा विमाही दिला. इतक्या गाजलेल्या घटनेत बँक स्वतःहून पुढे येते. एकटा जवान बर्फात घसरून गेला, तर बँकेला कळवायचं काम घरच्यांनाच करावं लागतं.

आता पेन्शनचं. बॅनरवर ‘शहीद’ लिहिलेलं असतं, आपणही आदराने तेच म्हणतो. पण सरकारी कागदावर हा शब्द नाही. लष्करात ‘बॅटल कॅज्युअल्टी’ लिहितात. अतिरेकी हल्ल्यात किंवा शत्रूशी लढताना गेला तर लष्करात त्याच्या शेवटच्या पगाराइतकी पूर्ण कुटुंब पेन्शन मिळते. ड्यूटीमुळे अपघात झाला, आजार जडला, तर साधारण ६० टक्के. म्हणून मृत्यू कोणत्या वर्गात नोंदला, ते पत्र आधी मागून घ्या आणि त्याची झेरॉक्स गटातल्या शिकलेल्या बाईकडे ठेवा.

आणि एक नाजूक विषय. पैसा घरातच राहावा म्हणून विधवेने दिराशीच लग्न करावं, असा दबाव काही घरांत येतो. शौर्यपदकाच्या भत्त्याचा नियमही पूर्वी तसाच होता: दुसरं लग्न दिराशी केलं तरच भत्ता चालू. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये संरक्षण मंत्रालयाने ती अट काढून टाकली. तेव्हा ‘नियमच आहे’ असं कुणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका.

रडत्या बाईचा अंगठा कोणत्याही कागदावर घेऊ देऊ नये, मग कागद आणणारा भाऊ असो की भावकीतला. तिच्या एकटीच्या नावाचं खातं नसेल तर त्याच आठवड्यात उघडून द्यावं. गटाच्या हप्त्याचं ग्रामसंघाच्या बैठकीत ठरवून टाकावं, तिच्या दारात जाऊन विचारू नये.

तुमच्या गटात फौजीची बायको असेल, तर तो पुढच्या सुट्टीवर आल्यावर तिला पेटी उघडायला सांगा. ‘असलं अभद्र काय विचारतेस’ म्हणून सासू रागावेल. रागावू द्या. चार कागद बघायला अर्धा तास लागतो.