परसात लावा गराचा टोमॅटो



टोमॅटोच्या भावाची गोष्ट तुम्हाला मी नव्याने काय सांगावी! ऑगस्ट २०२१ मध्ये किलोला दोन-तीन रुपयेही हाती पडेनात, म्हणून नाशिक भागातल्या शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतला. पुढे जुलै २०२३ मध्ये तोच टोमॅटो शहरांतून किलोला शंभर रुपयांच्या वर गेला. खेड्यात तर असे दिसते, की मोसमात ज्या घरून क्रेटच्या क्रेट भरून टोमॅटो जातो, त्याच घरची माउली चार महिन्यांनी आठवडी बाजारात पाव किलो टोमॅटोसाठी पदराची गाठ सोडते. विकणारे आपणच आणि महाग विकत घेणारेही आपणच!

बाजारभाव आपल्या हाती नाही. पण आपल्या चुलीपुरता टोमॅटो आपल्या हाती नक्कीच आहे. त्यासाठी परसात वीस झाडे पुरेत. मात्र टोमॅटो निवडून लावला पाहिजे.

कोणता टोमॅटो लावाल?

एरवीचा गोल टोमॅटो रसाळ असतो. कोशिंबिरीला तो छान. पण वाळवायला किंवा आटवायला घेतला, तर सरपण जळते आणि हाती थोडेच लागते. साठवणीसाठी लांबट, जाड सालीचा, भरपूर गराचा टोमॅटो घ्यावा. तो आडवा कापून पाहा. आत दोन-तीनच कप्पे, बिया थोड्या आणि भिंती जाड दिसतील. 'रोमा' हा अशा टोमॅटोचा जगभर माहीत असलेला वाण. लुधियानाच्या कृषी विद्यापीठाचा 'पंजाब छुहारा' हाही त्याच जातकुळीतला. छुहारा म्हणजे आपली खारीक. त्यावरून फळाच्या आकाराची कल्पना यावी.

हे सरळ वाण आहेत, म्हणजे त्यांचे बी घरी धरता येते. पाकिटावर 'संकरित' किंवा 'एफ-१' असे छापले असेल, तर ते बी या कामाला घेऊ नका. त्याच्या फळातले बी पेरले, तर पुढची झाडे एकसारखी निपजत नाहीत. बियाण्यासाठी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा खात्रीच्या दुकानात चौकशी करा.

बी केव्हा व कसे टाकावे?

परसासाठी सर्वांत सोयीचा काळ म्हणजे सप्टेंबर. तेव्हा बी टाकले, की ऑक्टोबरात रोपे लागतात, थंडीत फळ चांगले धरते आणि जानेवारी-फेब्रुवारीत तोडा येतो. पुढे वाळवणाला कडक ऊन असतेच.

एका ग्रॅममध्ये साधारण तीनशे बिया असतात. वीस झाडांसाठी पन्नास-साठ बिया टाकल्या तरी पुष्कळ. तळाला भोके पाडलेले जुने घमेले घ्या. त्यात पोयट्याची माती, चांगले कुजलेले शेणखत आणि वाळू समभाग भरा. चार-चार बोटांवर रेघा ओढून बी अर्ध्या पेराइतके खोल टाका, वर गवत पसरा आणि झारीने पाणी द्या. पाच ते आठ दिवसांत उगवण दिसली, की गवत काढा. पाणी बेताचे द्या. ओल जास्त झाली, की कोवळी रोपे बुडाशी कुजून कोलमडतात.

खरा शत्रू आहे पांढरी माशी. ती पर्णगुच्छ रोगाचा विषाणू आणते. मग पाने आकसतात, झाड खुजे राहते आणि त्याला औषध नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून घमेल्यावर काड्यांची कमान करून बारीक विणीची नायलॉनची जाळी घाला. मच्छरदाणीचा येथे उपयोग नाही, तिच्या भोकांतून ही माशी सहज आत शिरते.

लागवड आणि निगा

पंचवीस-तीस दिवसांत रोप वीतभर होते. ज्या जागी आधी वांगी, मिरची किंवा बटाटा होता ती जागा टाळा. या पिकांचे रोग टोमॅटोवरही येतात. दोन फुटांवर ओळी आणि ओळीत दीड फुटावर खड्डे घ्या. खड्ड्यात दोन ओंजळी शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड मातीत मिसळा. ऊन कलल्यावर रोपे लावा. देठ जरा खोल गाडला तरी चालतो, गाडलेल्या देठालाही मुळ्या फुटतात. वाफ्याच्या कडेने झेंडूची पाच-सात झाडे लावा. फळ पोखरणाऱ्या अळीची मादी झेंडूवरही अंडी घालते, तेवढाच टोमॅटोवरचा भार हलका होतो.

एक सूचना घरच्या पुरुष मंडळींना. तंबाखू मळलेल्या हाताने रोपांना हात लावू नका. तंबाखूतला विषाणू हाताने रोपावर जातो. आधी साबणाने हात धुवा.

हे वाण झुडपासारखे वाढतात. तीन फुटांची काठी रोवून सुतळीने सैल बांधा. बगलफुटी खुडू नका, माल त्यांच्यावरच लागतो.

आता पाण्याचे. लांबट टोमॅटोचे बूड काळे पडून बसते, ही तक्रार सर्रास ऐकू येते. लोक धावत जाऊन औषध फवारतात. पण हा कीड-रोग नव्हे. आठ दिवस कोरडे आणि मग एकदम भरपूर पाणी, असे झाले की फळाच्या बुडापर्यंत चुना पोचत नाही. यावर उपाय म्हणजे थोडे पण नेमाने पाणी. बुंध्याशी पाचट किंवा भुसा पसरावा, म्हणजे ओल टिकते. भाजी, तांदूळ धुतलेले पाणी खुशाल घाला. कपड्यांचे साबण-सोड्याचे पाणी घालू नका.

अळी दिसली तर हाताने वेचा. भोक पडलेली फळे झाडाखाली न टाकता खोल पुरा. पन्नास ग्रॅम निंबोळीची पूड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून सायंकाळी फवारली, की किडीला आळा बसतो. वीस झाडांना यापेक्षा जालीम औषधाची गरज सहसा पडत नाही. घरच्या लेकरांच्या तोंडी जाणारा हा माल आहे, हे लक्षात असू द्या.

साठवण

नीट निगा राखली, तर झाडामागे किलो-दीड किलो फळ धरायला हरकत नाही, म्हणजे वीस झाडांचे वीस ते तीस किलो. रोजच्या कालवणाला लागेल ते वापरा, उरलेले वाळवा. पूर्ण लाल झालेली फळे धुऊन उभी चिरा, किंचित मीठ भुरभुरा आणि स्वच्छ कापडावर एकेक फोड पसरा. वरून पातळ कापड झाका. रात्री घरात घ्या. चार-पाच कडक उन्हांत फोडी चिवट होतात. पूड करायची असेल, तर काडकन मोडेपर्यंत वाळवा. टोमॅटोत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. त्यामुळे किलोमागे साठ-सत्तर ग्रॅम वाळवण मिळाले, तरी ते कमी समजू नका. आमटीला चमचाभर पूड पुरते. बरणी कोरडी आणि झाकण घट्ट हवे. आटवलेला गर मात्र वर्षभर ठेवायच्या भरीला पडू नका. तो फ्रीजमध्ये ठेवून चार-सहा दिवसांत संपवावा.

बी धरायला विसरू नका

सर्वांत महत्त्वाचे शेवटी सांगतो. पहिल्या बहरातच तीन-चार निरोगी, भरपूर लागलेल्या झाडांना रंगीत दोरा बांधा. एखादे मोठे फळ पाहून भुलू नका, सबंध झाड पारखा. त्यांची फळे झाडावरच पूर्ण पिकू द्या. मग बियांसकट बुळबुळीत रस काचेच्या भांड्यात काढा आणि पाणी न घालता एक-दोन दिवस आंबू द्या. वर फेस आला, की धुवा. चांगले बी तळाशी बसते, पोचट तरंगते. तळाचे बी ताटलीत सावलीत वाळवा. कागदावर टाकाल तर चिकटून बसेल. कोरड्या बाटलीत, थंड जागी ठेवलेले बी तीन वर्षे सहज उगवते. टोमॅटोत स्वपरागीभवन होत असल्याने जातही बहुतांशी शुद्ध राहते.

घरचे बी राखणे, पेरणे आणि शेजाऱ्याला देणे हा शेतकऱ्याचा हक्क २००१ च्या पीकवाण संरक्षण कायद्यानेही मान्य केला आहे. तेव्हा एक चिमूट बी लेकीच्या सासरी पाठवा, एक शेजारणीला द्या. तुमचे बी एखाद्या वर्षी वाया गेले, तर त्यांच्याकडून परत मागता येईल.

भाव पडो वा चढो, आपल्या घरच्या कालवणाची आंबटगोडी बाजाराच्या मर्जीवर राहू नये. येत्या सप्टेंबरात एक जुने घमेले तेवढे रिकामे ठेवा!