नायगाऱ्याचा पूल आणि गाईडने न सांगितलेली गोष्ट

आमच्या समाजातली मुले-मुली आता शिकून परदेशी जाऊ लागली आहेत. तिकडे स्थिरावली की आईवडिलांना, काका-काकूंना बोलावून घेतात. कॅनडात टोरंटोला गेलेला माणूस नायगारा पाहिल्याशिवाय परत येत नाही. अंगावर लाल प्लास्टिकचा रेनकोट, मागे कोसळणारे पाणी, असा फोटो गावी येतो आणि बैठकीच्या खोलीत बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी लागतो. यात वावगे काही नाही. ज्यांच्या आज्याला गावच्या पाणवठ्याची पायरी चढता आली नाही, त्याच्या पतवंडांनी जगातला सर्वात गाजलेला धबधबा डोळे भरून पाहावा, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. प्रश्न एवढाच, की तिथे आपल्याला काय दाखवले जाते, आणि काय दाखवले जात नाही?

आम्हीही गेलो. पुतणी मिसिसॉगाला नोकरी करते. तिने एका दिवसासाठी खाजगी गाडी आणि गाईड ठरवला. पन्नास माणसांच्या बसपेक्षा हे महाग पडते, पण गाडी आपली, वेळ आपली, थांबे आपले, असे तिचे म्हणणे. सकाळी आठला गाडी दारात आली. गाईड भारतीय वंशाचाच होता, नऊ वर्षे हाच व्यवसाय करणारा. हिंदीत बोलणारा, हसतमुख, नम्र. पाणी देऊ का, एसी कमी करू का, सगळे विचारून झाले. गाडी क्वीन एलिझाबेथ वे या महामार्गाला लागली आणि त्याने आरशातून पाहत विचारले, "आडनाव काय आपले?"

आम्ही सांगितले. "म्हणजे महाराष्ट्रात कोण?"

वाचकांना पुढचे सांगायला नकोच. हा प्रश्न आम्ही गावच्या एस.टी.त ऐकला, पुण्यात खोली भाड्याने घेताना ऐकला, कचेरीत बदलीच्या पहिल्या दिवशी ऐकला. सात समुद्र ओलांडून आलो तर तो आमच्या आधी येऊन गाडीत बसलेला! पुतणी खिडकीबाहेर पाहत राहिली. तिला नवल वाटले नाही. तिने तो प्रश्न तिकडे आमच्याहून जास्त वेळा ऐकला आहे.

आम्ही म्हणालो, "बौद्ध." गाईड "अच्छा, अच्छा" म्हणाला आणि धबधब्याची माहिती देऊ लागला.

माहिती चांगली होती, ती वाचकांनाही देतो. नायगारा हा एक धबधबा नसून तीन आहेत. कॅनडाच्या बाजूचा घोड्याच्या नालासारखा वळलेला मोठा, आणि अमेरिकेच्या बाजूचे दोन. मोठ्याची उंची सुमारे ५७ मीटर, म्हणजे आपल्या शेजारच्या गिरसप्प्याच्या चौथा हिस्साही नाही. नायगारा उंचीने मोठा नाही, पाण्याने मोठा आहे. आणि ते पाणीही मोजून सोडलेले असते. अमेरिका आणि कॅनडा यांच्यात १९५० साली करार झाला. त्यानुसार १ एप्रिल ते ३१ ऑक्टोबर या काळात दिवसा सेकंदाला किमान एक लाख घनफूट पाणी धबधब्यावरून गेले पाहिजे. रात्री आणि हिवाळ्यात पन्नास हजार घनफूट पुरे. बाकीचे पाणी बोगद्यांतून वीजकेंद्रांकडे वळवतात. म्हणजे पर्यटक झोपले की धबधबाही निम्म्यावर येतो! निसर्गाचा चमत्कार म्हणून आपण जे पाहतो, त्याच्या वरच्या अंगाला कायदा, करार आणि सत्ता असते. पाणी कोणाचे, हा प्रश्न महाडला विचारला गेला होता. तो इथेही आहे.

तो इथे कसा आहे, हे टस्कारोरा आदिवासींना विचारावे. अमेरिकेच्या बाजूला वीजप्रकल्पाचा मोठा जलाशय बांधायचा होता. त्यासाठी या आदिवासींच्या राखीव भूमीतील १,३८३ एकर जमीन मागण्यात आली. त्यांनी विकायला नकार दिला, मोजणीदारांना अडवले, कोर्टात गेले. ७ मार्च १९६० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांनी भिन्नमत नोंदवले. दिलेला शब्द पाळणे हे थोर माणसाचे तसेच थोर राष्ट्राचे लक्षण आहे, अशा आशयाचे ते होते. पण भिन्नमताने जमीन परत मिळत नाही. अखेर सुमारे ५५० एकर पाण्याखाली गेली. धरणग्रस्तांच्या महाराष्ट्राला याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

आमच्या गाईडला यातले काही ठाऊक नव्हते. त्याने आदिवासींची एकच गोष्ट सांगितली. देवाला प्रसन्न करण्यासाठी एका आदिवासी कन्येला होडीत बसवून धबधब्यात सोडले जायचे, ही. ही कथा बनावट आहे. आदिवासींना रानटी ठरवणारी ही कथा बोटीवरून पर्यटकांना ऐकवली जात असे. मूळ रहिवाशांनी आक्षेप घेतला, बहिष्काराचा इशारा दिला, तेव्हा १९९६ मध्ये ती बंद झाली. बोटीवरून उतरलेली कथा गाडीत अजून चालू होती. आपल्याकडे राक्षस, दैत्य, असुर म्हणून कोणाला रंगवले गेले, हे महात्मा फुल्यांनी दीडशे वर्षांपूर्वीच सांगून ठेवले आहे. हत्यार तेच, कारागीर वेगळे.

तासाभराने सेंट कॅथरिन्स शहराची पाटी दिसली. आम्ही म्हणालो, "इथे वळा. सेलम चॅपेलला जायचे आहे."

"ते आपल्या कार्यक्रमात नाही," गाईड म्हणाला. पुढे द्राक्षमद्याचा कारखाना, चॉकलेटचे दुकान आणि फुलांचे घड्याळ होते. पुतणी पहिल्यांदाच बोलली, "गाडी पूर्ण दिवसाची ठरवली आहे ना? कार्यक्रमही आमचाच." गाडी वळली.

जिनिव्हा स्ट्रीटवर एक साधेसे प्रार्थनामंदिर आहे. १८५५ साली पूर्ण झालेले. ते बांधणारे बहुतेक लोक अमेरिकेतल्या गुलामीतून पळून आलेले होते. बाहेर हॅरिएट टबमन यांचा अर्धपुतळा आहे. ही बाई मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मली. १८४९ साली पळाली, एकटी. स्वतः सुटली आणि तिथेच थांबली नाही. मागे राहिलेल्यांना आणायला पुन्हा पुन्हा मृत्यूच्या दाढेत गेली. संशोधक सांगतात, सुमारे तेरा फेऱ्यांत तिने सत्तरच्या आसपास माणसे सोडवून आणली. १८५० च्या कायद्याने अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांतूनही पळालेल्या गुलामांना पकडून मालकाकडे पाठवता येऊ लागले. म्हणून मग तिने आपली माणसे थेट कॅनडाच्या हद्दीत आणायला सुरुवात केली. ब्रिटिश साम्राज्यात गुलामी १८३४ साली संपली होती. सेंट कॅथरिन्समध्ये ती काही वर्षे राहिली, याच मंदिरात प्रार्थनेला येई. दार बंद होते. आम्ही पुतळ्यापुढे हात जोडून उभे राहिलो. गाईड गाडीत बसून होता. मग तोही उतरला, फलक वाचू लागला. नऊ वर्षे तो या शहरावरून जात होता.

पुढे क्वीन्स्टनपाशी नदीकाठी थांबलो. १४ मार्च १७९३ रोजी याच भागात क्लोई कूली नावाच्या गुलाम स्त्रीला तिच्या मालकाने दोरीने बांधून होडीत टाकले आणि नदीपलीकडे विकायला नेले. ती किंचाळत होती, झगडत होती. पीटर मार्टिन या काळ्या माजी सैनिकाने ही हकीकत गव्हर्नर सिम्को यांच्यापुढे मांडली. त्याच वर्षी कायदा झाला. नवे गुलाम आणण्यास बंदी आली, पण असलेले गुलाम गुलामच राहिले, आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांना पंचविसाव्या वर्षी मुक्ती मिळणार होती. क्लोई कूलीचे पुढे काय झाले, इतिहासाला माहीत नाही. कायदा मात्र तिच्या किंकाळीतून जन्मला. कायदे कोणाच्या दयेने होत नाहीत, ते असे होतात.

मग तो पूल. धबधब्यापासून चारेक किलोमीटर खाली, खोल घळीवर १८५५ साली झुलता पूल उघडला. वर आगगाडी, खाली घोडागाड्या. आज त्या जागी १८९७ चा पोलादी पूल आहे. टबमन यांनी आणलेली कित्येक माणसे त्या जुन्या पुलावरून गेली. त्यांतला एक जो बेली. त्याला पकडून देणाऱ्यास मालकाने दीड हजार डॉलरचे इनाम लावले होते. १८५६ च्या नोव्हेंबरात टबमन त्याला घेऊन या पुलावर आल्या. त्यांच्या १८६९ साली निघालेल्या चरित्रात ही हकीकत आहे. गाडी पुलावर आली तेव्हा सोबतचे लोक धबधबा पाहायला खिडकीशी धावले. जोलाही बोलावले. जो डोके हातात धरून बसून राहिला. त्याने मान वर केली नाही. गाडीने पुलाचा मध्य ओलांडला, उतार सुरू झाला, तेव्हा टबमन यांनी त्याला गदागदा हलवून सांगितले की आता तू मुक्त आहेस. मग जो उठला, रडू लागला, गाऊ लागला.

वाचकहो, याचा विचार करा. जगभरचे लोक ज्यासाठी पैसे मोजून येतात, ते दृश्य त्या माणसाच्या खिडकीत होते आणि त्याला ते दिसत नव्हते. ज्याच्या डोक्यावर इनाम आहे, त्याला निसर्गसौंदर्य कसले? आधी स्वातंत्र्य, मग धबधबा. आमच्या लोकांना डोंगर-नद्यांचे कौतुक नाही, आमच्या साहित्यात निसर्ग नाही, अशी नाके मुरडणाऱ्यांना आम्ही जो बेलीकडे पाठवू इच्छितो.

कॅनडा म्हणजे स्वर्ग होता, असे मात्र कोणी समजू नये. काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळांना ओंटारिओत १८५० पासून कायद्याचा आधार होता, आणि अशी शेवटची शाळा बंद झाली १९६५ साली. पूल ओलांडला की बेडी तुटते, भेदभाव तुटत नाही. म्हणूनच १९०५ च्या जुलैत डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांच्यासह २९ जण याच नदीकाठच्या फोर्ट ईरी गावात जमले. पूर्ण नागरी हक्कांची, तडजोड नाकारणारी चळवळ त्यांनी उभारली आणि तिला नाव दिले 'नायगारा मूव्हमेंट'. १९०९ साली स्थापन झालेल्या एन.ए.ए.सी.पी. या संघटनेची वाट तिनेच मोकळी केली. याच दु बॉइसना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले. निग्रोंच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे सादर झालेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. अस्पृश्यांनीही तो मार्ग धरावा, हा विचार त्यामागे होता. त्याच्याही आधी, १८७३ साली, जोतीरावांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामी नष्ट करण्यासाठी झटलेल्या लोकांना. ना विमान, ना टेलिफोन, तरी पुण्यात बसून त्यांना त्या लढ्याशी आपले नाते दिसले होते. आम्ही नायगाऱ्याच्या काठावर उभे राहूनही ते पाहू नये काय?

दुपारी धबधबा पाहिला. बोटीत बसलो, लाल रेनकोट घातला, चिंब भिजलो, लहान मुलांसारखे ओरडलो. फोटोही काढला. धबधबा खरोखर अफाट आहे.

परतताना गाईड बराच वेळ गप्प होता. मग त्याने पुतणीला विचारले, "ती बाई परत का जात होती? सुटली होती ना?" पुतणीने उत्तर दिले, ते आम्ही इथे लिहीत नाही. शिकून शहरात गेलेल्या, परदेशी गेलेल्या प्रत्येकाने त्याचे उत्तर स्वतःच द्यायचे आहे. सकाळच्या आडनावाबद्दल तो काही बोलला नाही, आम्हीही बोललो नाही. तो माणूस वाईट नव्हता. जात ही वाईट माणसांचीच चालवलेली गोष्ट असती, तर ती केव्हाच मेली असती. ओंटारिओच्या मानवी हक्क आयोगाने २०२३ मध्ये जातीवरून होणाऱ्या भेदभावाविषयी आपली भूमिका जाहीर केली, ती काही हवेतून आली नाही. तिकडच्या आपल्या माणसांनी आवाज उठवला, म्हणून आली.

आता आपल्याकडचे पाहा. रायगडला जाणारी सहलीची गाडी महाडवरूनच जाते. त्यांतल्या किती गाड्या चवदार तळ्याशी थांबतात? किती गाईड २० मार्च १९२७ सांगतात? गाईड सांगत नाहीत, कारण आपण विचारत नाही. पैसे आपले, गाडी आपली, आणि थांबे मात्र दुसऱ्याचे!

म्हणून तिकडे जाणाऱ्या बांधवांना आणि भगिनींना एवढेच सांगणे. नायगारा जरूर पाहा. गाडी खाजगी ठरवा, चार जणांत खर्च वाटून घ्या. पण पैसे देण्याआधीच गाईडला बजावून सांगा, की आमचा पहिला थांबा सेंट कॅथरिन्स, दुसरा पुलापाशी, आणि धबधबा त्यानंतर. जो बेलीने ज्या क्रमाने पाहिला, त्याच क्रमाने.