‘अन्न हेच औषध’ असं हिप्पोक्रेटिस म्हणाला होता का?

गेल्या महिन्यात एक काका मुलीबरोबर आले. उपाशीपोटी साखर ३१०. गोळ्या दोन महिन्यांपासून बंद. कारण विचारलं तर त्यांनी मोबाइल पुढे केला. दाढीवाल्या ग्रीक वैद्याचं चित्र, अन्नालाच औषध मानावं अशा अर्थाचं वाक्य आणि खाली नाव हिप्पोक्रेटिस. “डॉक्टर, वैद्यकशास्त्राचे जनकच सांगतायत!”

हिप्पोक्रेटिस इसवी सनापूर्वी ४६०च्या सुमारास ग्रीसमधल्या कॉस बेटावर जन्मला. त्याच्या नावावर साठेक ग्रंथ आहेत, पण ते वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या काळात लिहिलेले. हे वाक्य त्यांपैकी एकातही नाही. त्यातल्या त्यात जवळचा विचार पोषणाविषयीच्या एका छोट्या ग्रंथात आहे, तोही त्याच्यानंतरचा मानला जातो. तिथला आशय असा, की आहारात चांगलं औषध असतं तसं वाईटही असतं; कोणाला काय, यावर ते अवलंबून.

हे वैद्य आहाराला कमी लेखत नव्हते. तीव्र आजारात जवाची पेज कशी आणि कधी द्यावी, यावर त्यांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. पण तेच वैद्य हेलेबोरसारखी जहाल रेचक वनस्पतीही देत आणि मोडलेली हाडं बसवत. नुसत्या पेजेवर त्यांचंही भागत नव्हतं.

(आपल्याकडेही असं होतं. शरीर हे धर्माचं पहिलं साधन, हे व्यायामशाळेतलं संस्कृत वचन अनेकजण उपनिषदातलं समजतात. ते कालिदासाच्या ‘कुमारसंभवा’तलं आहे. कठोर तप करणाऱ्या पार्वतीला, ब्रह्मचाऱ्याच्या वेशात आलेले शंकर ते ऐकवतात.)

आता मुद्द्याचं. काही आजारांत आहार हाच खरोखर उपचार असतो. सीलिॲक आजारात गहू, जव वगैरे कायमचं बंद करणं हाच मुख्य इलाज. टाइप २ मधुमेहात, विशेषतः सुरुवातीच्या वर्षांत, वजन बरंच उतरलं तर काहींच्या गोळ्या थांबतातही. पण तपासण्या करत, डॉक्टरांच्या सल्ल्याने. टाइप १ मधुमेहात मात्र शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. तिथे कोणताही आहार इन्सुलिनची जागा घेऊ शकत नाही. इन्सुलिन थांबवल्यावर उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास किंवा गुंगी दिसली तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

काकांचा मधुमेह टाइप २. गोळ्या पुन्हा सुरू केल्या आणि रात्रीच्या जेवणात भाकरी एकच ठेवली. त्यांना आहारावर भर द्यायचा आहे, ही चांगलीच गोष्ट. तीन महिन्यांनी एचबीए१सी पाहून डोस कमी करता येतो का, ते ठरवू. तुमच्या घरातही कोणी असा संदेश वाचून औषध सोडलं असेल तर रागावू नका. औषधाची चिठ्ठी आणि तो संदेश, दोन्ही घेऊन डॉक्टरांकडे या.