शिकता शिकता कमाई आणि कर

आयकर कायदा करदाता विद्यार्थी आहे की नाही हे पाहत नाही, तो केवळ उत्पन्न पाहतो. त्यामुळे जालन्यातील एखाद्या पोलाद कारखान्यात संध्याकाळी हिशेब लिहून महिना 11,000 रुपये मिळवणाऱ्या महाविद्यालयीन तरुणाची वार्षिक कमाई 1,32,000 रुपये भरते, आणि ती 2025-26 च्या नव्या करप्रणालीतील 4 लाखांच्या करमुक्त मर्यादेहून कितीतरी कमी असल्याने त्याला आयकर लागत नाही. शिक्षणखर्चासाठी मिळालेली शिष्यवृत्ती तर करमुक्तच असते. मोबदला देतानाच कर कापला गेला असेल, ज्याला उद्गम करकपात म्हणतात, तर विवरणपत्र भरून ती रक्कम परत मागता येते. खरा भार पडतो तो व्यवसाय कराचा, म्हणजे नोकरी वा धंदा करणाऱ्यांकडून राज्य सरकार घेते त्या कराचा. 1972 च्या दुष्काळात मराठवाडा होरपळल्यानंतर, रोजगार हमी योजनेला पैसा मिळावा म्हणून 1975 च्या कायद्याने आलेल्या या करापोटी, 10,000 रुपयांहून अधिक मासिक वेतन असलेल्या पुरुषाच्या पगारातून दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300, असे वर्षाला 2,500 रुपये कापले जातात. 2023 पासून महिलांना 25,000 रुपयांपर्यंतच्या वेतनावर माफी आहे, आणि तीच मर्यादा शिकणाऱ्या मुलांनाही लावणे न्याय्य ठरेल, कारण आज हा विद्यार्थी आणि महिना लाखभर पगार घेणारा अधिकारी सारखीच रक्कम भरतात.