जपावं किती, सोडावं कधी?

दिवाळीच्या आधी माळा झाडायला काढला की काय काय खाली येतं! आपल्या सोलापुरात तर आहेरात आलेल्या चार-सहा चादरी घडीसुद्धा न मोडलेल्या निघतात. शिवाय ब्लाऊजपीसांचं गाठोडं, नावं घातलेली स्टीलची भांडी, श्रीखंडाचे रिकामे डबे. सगळं झटकायचं आणि "असू दे, लागेल कधीतरी" म्हणत पुन्हा वर चढवायचं.

याला चिकटपणा म्हणून हसणं सोपं आहे. पण ज्या सासूबाईंनी १९७२ चा दुष्काळ पाहिला, मिलोच्या भाकरी थापल्या, त्यांना रिकामा डबासुद्धा टाकवत नाही. ती टंचाईची धास्ती असते. दुसरं कारण मायेचं. आईचं लुगडं ट्रंकेत असलं की आईच घरात आहे असं वाटतं. मग ते द्यायचं म्हणजे तिलाच घराबाहेर काढल्यासारखं होतं!

पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय पुष्कळजणींनी पाहिलं असेल. दिवे, अडकित्ते, कुंकवाचे करंडे, वज्री, दौती... आपल्याच आज्या-पणज्यांच्या घरातल्या वस्तू! दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास त्या जमवायला सुरुवात केली. पत्नी कमलाबाईंची त्यांना साथ होती. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला, त्याचं नाव या संग्रहाला दिलं. वीस हजारांच्या वर वस्तू झाल्या. आणि १९७५ साली हा सगळा संग्रह त्यांनी महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. केळकर वारले १९९० साली. म्हणजे मुलाच्या नावाचा ठेवा त्यांनी जिवंतपणी, आपल्या हातानं दिला. म्हणून तर तो आज सगळ्यांना पाहायला मिळतो.

आपल्या माळ्यावरच्या वस्तूंचं काय होतं? हे लुगडं कुणाचं, हा डबा कुठून आला, हे फक्त आपल्याला ठाऊक. आपल्यामागे सुना-लेकी एका दुपारी सगळं उपसणार. वस्तू तेवढ्या उरतील, त्यांची गोष्ट सांगणारं कुणी नसेल.

तेव्हा आपणच हात घालावा. एका दिवशी एकच ट्रंक काढावी. वापरातलं, आठवणीचं आणि नुसतं पडलेलं असे तीन ढीग करावेत. आठवणीचं एखाद-दुसरंच ठेवावं. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवली तर आठवण अंगावर तरी येईल. माणूस नुकतंच गेलेलं असेल, तर मात्र घाई करू नये. यजमानांचे जुने अंक आणि मुलांच्या काचा-गोट्या त्यांना विचारल्याशिवाय हलवू नयेत. कोऱ्या चादरी थंडी पडायच्या आत कामवाल्या बाईंना, रात्रीच्या वॉचमनला द्याव्यात. बोहारणीकडून बदल्यात आणखी एक पातेलं घेतलं, तर अडगळ गेली कुठे?

आणि लेकीला आजीची वाटी देताना तिची गोष्टही सांगावी.

संक्रांतीला आपण वाण 'वाटतो' म्हणत नाही, 'लुटतो' म्हणतो. पण बाजारातून प्लॅस्टिकचे डबे आणून लुटले, तर दुसरीच्या माळ्यावर भर! यंदा घरातलंच काहीतरी चांगलं, कोरं, जपलेलं लुटून पाहा. माळा हलका होईलच, पण देताना हात थरथरला तरी मनही हलकं होईल.